शर्विलकाचा डाव

परद्रव्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचा विचार ज्याच्या मनास कधी शिवला नाही, दुकानदाराने चुकून अधिक दिलेली मोड परत करण्यासाठी जो भर उन्हात पुन्हा बाजारपेठेपर्यंत चालत जाईल, असा एखादा सद्गृहस्थ रात्रीची जेवणे आटोपल्यावर खोलीतील दिवा मालवून संगणकापुढे बसतो, कानांवर हेडफोन चढवितो, आणि पुढले दोन-तीन तास एका कल्पित नगरीतील उमरावाच्या हवेलीत चोरपावलांनी हिंडून तेथील चांदीची तबके, सोन्याचे पेले आणि तिजोरीतील नाणी आपल्या झोळीत टाकीत राहतो. आणि इतके करून झोपावयास जाताना त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला यत्किंचितही टोचणी लागत नाही. लोभ हे याचे कारण म्हणावे, तर त्या तबकांना खेळाबाहेर कवडीचेही मोल नाही. क्रौर्य म्हणावे, तर या खेळात रक्तपात करणारा खेळाडू जाणकारांत अडाणी समजला जातो. मग केळीच्या व्यापारावर आणि शेतीवर पोसलेल्या आमच्या सावद्यासारख्या गावातील एखादा तरुणही ज्यात मध्यरात्रीपर्यंत गुंगून जातो, असे या चौर्यात आहे तरी काय, याचा विचार थोडा सावकाश करण्यासारखा आहे.

अशा खेळांत मला सर्वांत थोर वाटतो तो ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’. अमेरिकेतील केंब्रिज गावच्या लुकिंग ग्लास स्टुडिओज या कंपनीने तो १९९८ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केला. प्रारंभी या मंडळींच्या मनात खेळ होता तो तलवारबाजीचा, आर्थर राजाच्या कथेला उफराटे वळण देऊन त्यालाच खलपुरुष ठरविणारा. परंतु घडण चालू असता त्यांच्या ध्यानी आले की लढण्याच्या भागापेक्षा लपण्याचा भागच अधिक रंगतो आहे, आणि मग आर्थर गेला, तलवार मागे पडली व अंधार तेवढा उरला. त्याच वर्षी जपानमधूनही ‘मेटल गिअर सॉलिड’ आणि ‘तेंचू’ हे लपतछपत खेळावयाचे दोन खेळ बाहेर पडले. पण त्यांपैकी एकाचा नायक सैनिक, दुसऱ्याचा निंजा. निव्वळ चोराला, तेही पोटासाठी चोरी करणाऱ्या धंदेवाईक चोराला, नायकपदाचा मान दिला तो ‘थीफ’ने. त्याचे नाव गॅरेट.

गॅरेट दुबळा आहे, ही या खेळाची पहिली खुबी. दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर त्याचा निभाव लागणे कठीण. इतर खेळांत पडद्याच्या कोपऱ्यात बंदुकीच्या गोळ्यांचा हिशेब असतो. येथे खालच्या बाजूस एक रत्न असते, आणि गॅरेट उजेडात आला की ते उजळते, सावलीत शिरला की काळवंडते. तलवार उपसून हाती धरली तर तेवढ्यानेही तो अधिक दिसू लागतो. त्याच्या भात्यातील बाणसुद्धा मारण्यासाठी नसून वाट काढण्यासाठी असतात: पाण्याचा बाण भिंतीवरची मशाल विझवितो, शेवाळाचा बाण फरशीवर मऊ गालिचा पसरून पावलांचा आवाज गिळतो, दोराचा बाण लाकडी तुळईत रुतून वर चढावयास दोर सोडतो. पहारेकऱ्यास मागून सोट्याचा एक नेमका तडाखा देऊन बेशुद्ध करता येते. पण मग त्याला उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवावे लागते, नाहीतर पुढल्या गस्तीत दुसऱ्याच्या नजरेस तो पडलाच म्हणून समजावे. खेळाच्या तीन श्रेणी आहेत. त्यांतील सर्वांत कठीण श्रेणीत अधिक ऐवज हस्तगत करावा लागतो, आणि शिवाय कोणाही मनुष्याचा जीव घेता येत नाही. घेतला की डाव तेथेच संपला. कौशल्य जसे वाढावे तसे हात अधिकाधिक बांधले जावेत, हा शिरस्ता मला फार शहाणपणाचा वाटतो.

पण डोळ्यांहूनही या खेळात कान मोठे. संगमरवरी फरशी, लोखंडी जाळी, लाकडी पाटण, गालिचा, गवत, प्रत्येकावर पाऊल वेगळे वाजते, आणि ते किती वाजले यावर पहारेकऱ्यास संशय येणार की नाही हे ठरते. आवाज भिंती भेदून सरळ रेषेत येत नाही. ज्या दारांतून आणि बोळांतून माणूस येईल त्याच वाटेने तो वळणे घेत येतो, ही योजना निर्मात्यांनी खेळाच्या यंत्रणेतच करून ठेविली होती. त्यामुळे दाराआड उभ्या असलेल्या खेळाडूस, डोळ्यांनी काही दिसण्यापूर्वीच, कोण येत आहे, कुठून येत आहे आणि कोणत्या जमिनीवरून चालत आहे, हे उमजू लागते. पहारेकरीही मुके नाहीत. ते शीळ घालतात, खोकतात, थंडीविषयी कुरकुरतात, काही खुट्ट वाजले तर थबकून स्वतःशी पुटपुटतात, आणि थोडा वेळ शोधाशोध करून उंदीर असावा अशी मनाची समजूत घालून पुन्हा आपल्या वाटेला लागतात. पहिल्याच कामगिरीत लॉर्ड बॅफोर्ड नामक उमरावाचा रत्नजडित राजदंड पळवावयाचा असतो. तेथे हवेलीबाहेरील दोघे पहारेकरी अस्वलांच्या झुंजींविषयी वाद घालीत असतात, आणि कित्येक खेळाडू राजदंड विसरून तो वाद संपेपर्यंत अंधारात तसेच उभे राहतात.

येथे सावद्याच्या रहिवाशास एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्याकडे शेतीपंपांची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच्या पाळीत येते. मग बागायतदार हातात बॅटरी घेऊन केळीच्या बागेत शिरतो. केळीच्या बागेतला काळोख साधा नसतो. वर पानांचे छत, खाली वाळून पडलेल्या पानांचा थर, त्या थरावर पाऊल पडले की आवाज, आणि तो आपल्याच पावलाचा की रानडुकराच्या, हे ओळखण्यासाठी मध्येच श्वास रोखून उभे राहणे. सातपुडा जवळ असल्याने बिबट्याची शंकाही मनात असतेच. अशा माणसाच्या कानाला जी धार येते तिचे शिक्षण त्यास कोणी दिलेले नसते. ते भयाने आणि गरजेने दिलेले असते. ‘थीफ’ खेळताना जो अनुभव शहरी माणसास अपूर्व वाटतो तो आमच्या बागायतदारास नवा नाही. फरक इतकाच की मोटर सुरू करून घरी परतलेल्या शेतकऱ्यास त्यात मौज वाटत नाही, आणि तशी ती वाटावी अशी अपेक्षा धरणेही अन्यायाचे होईल. तेच भय निर्धास्त खोलीत, स्वेच्छेने, हवे तेव्हा थांबविण्याच्या सोयीसह मिळाले, तरच त्याचे रसात रूपांतर होते. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी भयानक रसाविषयी जे म्हणावयाचे ते हेच म्हटले आहे.

संगणकावरील या प्रकाराचा इतिहास ‘थीफ’च्याही मागे जातो. जपानमध्ये १९७९ साली दुकानातून वस्तू लांबविणाऱ्या पोराचा एक चिमुकला खेळ निघाला होता. १९८१ साली अमेरिकेत सायलस वॉर्नर याने ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ रचला, ज्यात शत्रूचा गणवेश अंगावर चढवून चौक्या ओलांडता येत. आणि १९८७ साली हिदेओ कोजिमा याने ‘मेटल गिअर’मध्ये लढण्याऐवजी चुकविण्यास प्राधान्य दिले, त्याचे एक कारण असे की त्या काळच्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी फार शत्रू आणि गोळ्या पेलवत नसत. पण ही वंशावळ येथेच थांबविली तर आपण आपल्या घरच्या एका थोर पूर्वजास वंचित करू. तो पूर्वज म्हणजे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलक.

तिसऱ्या अंकातील त्याचा प्रवेश नीट वाचावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक संगीताच्या साजासह मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून शर्विलक मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचा आहे. हा ब्राह्मण तरुण नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराला भोक पाडावयास येतो ते मदनिका या दासीस दास्यातून सोडविण्याइतके द्रव्य मिळावे म्हणून. आणि येतो तो अविचाराने कुदळ घालीत नाही. भिंतीचा कोणता भाग रोजच्या सूर्यार्घ्याच्या पाण्याने भिजून ठिसूळ झाला आहे, उंदरांनी माती कुठे उकरली आहे, हे तो प्रथम हाताने चाचपून पाहतो. भाजलेल्या विटा असतील तर उपसाव्यात, कच्च्या असतील तर तोडाव्यात, मातीची भिंत असेल तर भिजवावी, लाकडाची असेल तर चिरावी, असे चौर्याचार्य कनकशक्तीचे चतुर्विध शास्त्र त्यास मुखोद्गत आहे. भोकांचे आकारही शास्त्राने नेमून दिलेले, उमललेल्या कमळाचा, सूर्याचा, चंद्रकोरीचा, विहिरीचा, स्वस्तिकाचा, पूर्णकुंभाचा. आणि भाजलेल्या विटांच्या भिंतीस पूर्णकुंभच शोभेल असा निर्णय तो करतो. मोजमापाची दोरी घरी विसरली आहे हे ध्यानात येताच गळ्यातील जानवे काढून तो त्याने माप घेतो, आणि यज्ञोपवीत ही ब्राह्मणास, विशेषतः आपल्यासारख्या ब्राह्मणास, किती उपयोगी वस्तू आहे यावर एक छोटे प्रवचनही करतो.

पुढला भाग तर एखाद्या खेळाच्या रचनाकाराने लिहून काढावा असा आहे. भोकातून आत शिरण्यापूर्वी तो माणसाचा पुतळा आत सारून कोणी जागे आहे का याची परीक्षा घेतो. आत शिरल्यावर दार कुरकुरेल म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, आणि लगेच ते पाणी जमिनीवर ठिबकून आवाज होईल की काय, या नव्या चिंतेत पडतो. निजलेली माणसे खरोखर निजली आहेत की सोंग करीत आहेत हे तो त्यांच्या श्वासाच्या गतीवरून, पापण्यांच्या स्थैर्यावरून आणि तोंडापुढे दिवा धरून ताडून पाहतो. दिवा विझवावयाचा झाला, तर त्यासाठी डबीतून एक किडा सोडतो. तो दिव्याभोवती घिरट्या घालतो आणि पंखांच्या वाऱ्याने ज्योत मालवतो. पाण्याच्या बाणाने मशाल विझविणारा गॅरेट हा त्या किड्याचा फार दूरचा, पण निःसंशय वंशज आहे. घरात मृदंग, वीणा नि पोथ्या पाहून शर्विलक कोड्यात पडतो, हे घर नृत्यशिक्षकाचे की दरिद्र्याचे. जमिनीत पुरलेले धन असल्यास फुगून दाखविणारे मंतरलेले बी टाकून पाहतो, ते फुगत नाही. आणि परत फिरण्याच्या बेतात असताना झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय, त्या घरी ठेव म्हणून आलेली गणिका वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी स्वहस्ते त्याच्या हाती देतो. सकाळी चारुदत्त जागा होतो आणि ते भोक पाहून प्रथम काय करतो? त्याच्या रेखीवपणाची प्रशंसा करतो. मग आपल्या घरून चोर विन्मुख गेला नाही याचा त्यास आनंद होतो. वसंतसेनेची ठेव गेली ही गोष्ट त्यास त्यानंतर कळते.

या प्रवेशात ऐवज मिळण्याचा क्षण अगदी अल्प आहे. सारा अंक व्यापला आहे तो पाहणे, ऐकणे, चाचपणे, अंदाज बांधणे यांनी. घर हा येथे एक ग्रंथ आहे, आणि चोर हा त्या ग्रंथाचा सर्वांत दक्ष वाचक. घरमालक कित्येक वर्षे ज्या भिंतीला टेकून बसला ती कुठे ओली आहे हे त्यास ठाऊक नसते. चोरास ते एका रात्रीत ठाऊक होते. ‘थीफ’मध्येही हेच घडते. हवेलीत शिरल्यावर गॅरेटला नोकरांचे बोलणे चोरून ऐकू येते, टेबलावरील पत्रे वाचावयास मिळतात, कोणता पहारेकरी किती वेळाने कोणत्या वळणावर पाठ फिरवितो हे कळते, स्वयंपाकघरातून माजघराकडे नेणारी नोकरांची अरुंद वाट सापडते, आणि हाती असलेला नकाशा हा स्वतः गॅरेटने ऐकीव माहितीवरून काढलेला, अपुरा नि ठिकठिकाणी प्रश्नचिन्हे ठेवलेला असल्याने, घराचे खरे ज्ञान पायांनीच मिळवावे लागते. डावाच्या अखेरीस खेळाडूच्या झोळीत काय पडले हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. ते घर मात्र वर्षानुवर्षे आठवते. जगात घाईने पाहण्याची सवय इतकी बळावली आहे की दोन तास केवळ अवधानात घालविणे हीच आता चैन झाली आहे, आणि ही चैन पुरविणारा खेळ चोराचा असावा हा निव्वळ योगायोग नव्हे. स्वामित्वाचे डोळे सुस्त असतात. चोरट्याचे डोळे सुस्त राहूच शकत नाहीत.

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील अपहारवर्मा हा याच कुळातला. चंपानगरीतील कृपणांना धनाची नश्वरता समजावून द्यावी या उदात्त हेतूने, असे तो म्हणतो, तो चोरीस निघतो, आणि निघताना बरोबर घेतलेल्या सामग्रीची यादी देतो: मापाची दोरी, सांडशी, माणसाचे खोटे मस्तक, दिवा ठेवण्याचे भांडे, दिवे विझविणाऱ्या भुंग्यांची डबी. ही यादी वाचताना आजचा खेळाडू हसेल, कारण कामगिरीवर निघण्यापूर्वी चोरबाजारात जाऊन आपल्या गाठीच्या पैशांत किती बाण नि किती कुप्या बसतात याचा हिशेब त्यानेही मांडलेला असतो.

आता कोणी म्हणेल की येथे लाल महालावरील छाप्याचा उल्लेख हवा. तो मी जाणून करीत नाही. ते युद्ध होते, आणि प्रच्छन्नपणे केलेले युद्ध नि खेळासाठी केलेली चोरी यांची सरमिसळ केल्याने दोहोंचाही मान जातो. त्यापेक्षा आपल्या पोरांच्या खेळांकडे पाहावे. ज्याच्यावर राज्य आले आहे त्याच्या पाठीमागे मांजरीच्या पावलांनी जाऊन त्याच्या पाठीत धप्पा घालणे, अथवा डबा ऐसपैसमध्ये राखणदाराची नजर दुसरीकडे वळताच आडोशातून धावत येऊन डबा उडविणे, यांत ‘थीफ’ची सारी कलमे बीजरूपाने आहेत: सावली, आवाज, पहाऱ्याचा फेरा, आणि पकडले जाण्याचे गोड भय. होळीच्या आधी तर खानदेशातल्याच काय, महाराष्ट्रातल्या कित्येक गावांतील पोरांना चोरीची जणू सनदच मिळते. कोणाच्या परसातील गोवऱ्या, कोणाच्या कुंपणाची लाकडे, एखादी मोडकी खाट रात्रीतून नाहीशी होते आणि होळीत जळते. मालक सकाळी चार शिव्या हासडतो, पण फिर्याद देत नाही, कारण लहानपणी त्यानेही हेच केलेले असते. गोकुळातील लोणी चोरणाऱ्या कृष्णास ज्या समाजाने गौळणींतून इतके लाडावून ठेविले, त्याने चौर्यातील लीला आणि चौर्यातील अपराध यांचा भेद फार पूर्वीच करून ठेविला होता.

परंतु ‘थीफ’मध्ये एक दुबळी बाजू आहे, आणि ती पहारेकऱ्याची. गॅरेटचे पहारेकरी विसरतात. मशाल विझली, दार उघडे राहिले, सहकारी दिसेनासा झाला, तरी थोड्या वेळाने त्यांचे चित्त पूर्वपदावर येते. हे विस्मरण नसते तर खेळ चालणार नाही हे मान्य. पण आमच्या मुलखात असले पहारेकरी एक रात्रही नोकरीत टिकले नसते. १७६३ मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे आलेला आणि पुढे रास्ते सरदारांना मिळालेला सावद्याचा हा कसबा घ्या, किंवा खानदेशातील दुसरे कोणतेही गाव घ्या. रात्रीचा बंदोबस्त गावच्या जागल्याकडे असे, आणि खानदेशात हे काम पुष्कळ गावी भिल्लांकडे होते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात गावच्या या राखणदाराची कर्तव्ये नोंदविली आहेत: रात्री पहारा करावा, गावात कोण आले कोण गेले यावर नजर ठेवावी, प्रत्येकाचा स्वभाव नि चालचलणूक ओळखून असावे, आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढावा. पावलांचे ठसे दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील राखणदाराची खात्री पटविली की याची जबाबदारी संपे आणि त्याची सुरू होई. माग ज्या गावी खुंटे त्या गावावर चोरीचा भार येई. असा जागल्या लॉर्ड बॅफोर्डकडे असता, तर सकाळ होईतो गॅरेटची पावले मोजली गेली असती, आणि दुपारपर्यंत दोन गावांचे पाटील शिवेवर उभे राहून राजदंडाची भरपाई कोणी करावयाची यावर भांडत बसले असते. हा खेळ, म्हणजे ठशांवरून माणूस ओळखण्याचा खेळ, अद्याप कोणी नीट रचलेला माझ्या पाहण्यात नाही. चोराच्या बाजूने खेळण्याइतकीच रंगत जागल्याच्या बाजूने खेळण्यात आहे.

आणि चोर व राखणदार यांतील अंतर तरी किती? इंग्रजी अंमलाच्या आरंभी ज्या भिल्लांना दरोडेखोर ठरवून त्यांच्यावर फौजा धाडल्या गेल्या, त्यांनाच हाताशी धरून १८२५ मध्ये जेम्स आउट्रॅम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि त्यांच्याकडून बंदोबस्त करविला.

येथे लेखणी थोडी जड होते. खेळातील चोर आणि शास्त्रातील चोर हे दोघेही एकटे, हुशार आणि स्वतःच्या कलेचे धनी असतात. प्रत्यक्षातील चोराला ही चैन क्वचितच लाभते. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले; तो कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये त्याचा शेवट झाला, तरी संशय काही कायद्याबरोबर गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते ज्यांनी वाचले असेल त्यांना चोरीमागे असलेली भूक, पोलिसांचा मार आणि मुलास शाळेत घालण्यासाठी करावी लागणारी लढाई ठाऊक आहे. तेथे सावली सुरक्षित नसते, आणि एका रात्रीची चूक पुसून डाव पुन्हा पहिल्यापासून मांडता येत नाही. ‘थीफ’ने हे सारे वगळले आहे, याचा मी त्याला दोष देत नाही. बुद्धिबळात प्यादे मेल्यावर त्याच्या बायकामुलांचे काय झाले असे आपण विचारीत नाही. पण ज्या तरुणाने गॅरेट खेळून पाहिला त्याने ‘उचल्या’ही वाचावा, इतके मात्र मला वाटते, शर्विलक नि गॅरेट ज्याला विनोद नि कला म्हणून भेटले, त्याला तिसरा चोरही भेटावयास हवा.

असल्या खेळाने मुले चोर होतील ही पालकांची भीती मला अवाजवी वाटते. उतावळेपणा, आरडाओरड, दंडेली यांना हा खेळ जितक्या कठोरपणे शासन करतो तितका कोणताही मास्तर करीत नसेल. घाई करणारा पहिल्याच दालनात सापडतो. वेळ किती जातो ही तक्रार मात्र रास्त आहे. शिवाय एक खोड या खेळास जडली आहे, तिला मी खरा दोष समजतो. हवा तो क्षण नोंदवून ठेवण्याची आणि काही बिघडताच तेथून पुन्हा आरंभ करण्याची सोय त्यात आहे. खेळाडू दर दाराशी ती कळ दाबू लागला की सारा थरार नष्ट होतो. तो मग चोर राहत नाही, हिशेबनीस होतो. जाणते खेळाडू ही सोय स्वतःहून नाकारतात, आणि पहारेकऱ्याने पाहिले तरी पळत, लपत, धापा टाकीत डाव तसाच पुढे नेतात. गोष्ट सांगावयाची असते ती त्या रात्रीची. ज्यास हा अनुभव घ्यावयाचा असेल त्याने एवढे पथ्य पाळावे, दिवसा खेळू नये, खिडकीतून ऊन पडलेल्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. आणि भारी यंत्राची चिंता करू नये, आजचा साधा संगणकही त्यास पुरून उरतो.

‘थीफ’चा दुसरा भाग २००० च्या मार्चमध्ये आला, आणि दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, लुकिंग ग्लास कंपनी बंद पडली. २००४ मध्ये दुसऱ्या कंपनीने तिसरा भाग काढला. त्यातील एका पडक्या अनाथाश्रमाची कामगिरी जॉर्डन थॉमस याने रचली होती, ती भयासाठी अद्याप नावाजली जाते. २०१४ मध्ये त्याच नावाने एक नवा खेळ आला, आणि तो जुन्या रसिकांच्या मनास उतरला नाही. कारण पाहावयाचे तर दोराच्या बाणाचेच पाहावे. पूर्वी कोणत्याही लाकडात बाण मारून वर चढता येई, त्यामुळे प्रत्येक छताकडे, प्रत्येक तुळईकडे डोळे लावून पाहावे लागे. नव्या खेळात दोर कुठे लावावयाचा त्या जागा आधीच नेमून खुणा करून ठेविल्या आहेत. शर्विलकास भिंतीवर खडूने वर्तुळ काढून येथे भोक पाड असे सांगितले असते, तर त्याने जानवे पुन्हा गळ्यात घालून घरचा रस्ता धरला असता.

मूळ खेळ मात्र मेला नाही. निर्मात्यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या आधारे हौशी मंडळी आजतागायत नव्या कामगिऱ्या रचीत आली आहेत. त्यांपैकी काहींनी ‘द डार्क मॉड’ या नावाचा स्वतंत्र, विनामूल्य खेळच उभा केला. म्हणजे परक्याने येऊन चोरी करावी एवढ्याच हेतूने ही माणसे पदरचा वेळ खर्चून घरे बांधतात, त्यांत नोकर ठेवतात, नोकरांच्या खोल्यांत पत्रे ठेवतात आणि तळघराची एक खिडकी जाणूनबुजून उघडी टाकतात. एखाद्या मराठी हौशी रचनाकाराने सावद्याचे जुने गाव अशा कामगिरीसाठी घ्यावे असे मला फार वाटते. साहित्य उत्तम आहे: धाब्याची घरे एकमेकांस खेटून उभी, सागाच्या तुळया, अरुंद बोळ, जड कड्या, आत धान्याच्या कोठ्या, आणि एका धाब्यावरून दुसऱ्यावर पाय टाकीत गल्लीचे टोक गाठता यावे अशी छपरांची सलगता. ‘थीफ’च्या दुसऱ्या भागात छपरांवरून नगर ओलांडण्याची एक कामगिरी आहे, आणि ती सर्वोत्तम मानली जाते, तिची खानदेशी आवृत्ती सहज होईल असे प्रथमदर्शनी वाटते. अडचण एकच. गोष्ट वैशाखातली घेतली, तर पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढलेला असतो आणि सगळे गाव अंथरुणे घेऊन धाब्यावर निजलेले असते. तेव्हा छपराची वाट बंद. चोराला खालच्या रिकाम्या घरातूनच जावे लागेल, आणि वरच्या मातीच्या थरातून एखाद्या आजोबांचा खोकला ऐकू आला की ते उठून पाणी प्यावयास जिन्याने खाली येणार की कूस बदलणार, हे ताडण्यासाठी जागच्या जागी थिजून उभे राहावे लागेल.